डोळ्याच्या पडद्याची वीज मोजताना: ईआरजी, व्हीईपी आणि ईओजीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोळ्याचा पडदा आणि मेंदू यांच्यात जे विजेचे संदेश चालतात, ते मोजायच्या तपासण्या मी करते. बीड, परभणी, हिंगोली, लातूरकडून माणसं पहाटेची एसटी धरून येतात आणि अंधाऱ्या खोलीत बसली की बहुतेक तेच ते प्रश्न विचारतात. काही जण घरी गेल्यावर रिपोर्टचा फोटो पाठवून विचारतात. ते सगळे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकदा सांगितलेलं पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डॉक्टरांनी ईआरजी आणि व्हीईपी लिहून दिलंय. हे आहे तरी काय?

शेतातला सोलर पंप डोळ्यांपुढे आणा. पॅनलवर ऊन पडतं, वीज तयार होते, केबलमधून मोटरीपर्यंत जाते आणि पाणी येतं. पाणी आलं नाही तर वायरमन आधी पॅनलपाशी मीटर लावतो, मग मोटरीपाशी. पॅनलकडे वीज आहे पण मोटरीकडे पोहोचत नाही, म्हणजे बिघाड मधे केबलमध्ये.

डोळ्यातला पडदा उजेडाचा विजेचा संदेश करतो, डोळ्याची नस तो संदेश वाहून नेते आणि डोक्याच्या मागच्या भागातला मेंदू त्याचं चित्र उभं करतो. ईआरजी हा पडद्यापाशी लावलेला मीटर, तर व्हीईपी हा डोक्याच्या मागे लावलेला. ईओजी ही तिसरी तपासणी क्वचित लागते. पडद्याच्या पाठीमागे रंगद्रव्याचा जो थर आहे, त्याचं काम कसं चाललंय ते तिच्यातून कळतं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचे निम्मे प्रश्न तिच्यावरूनच येतात. संदेश कुठे तुटतोय हे या तपासण्या सांगतात. माणसाला किती दिसतं हे त्या सांगत नाहीत.

२. शॉक बसतो का? डोळ्यात सुई टोचतात का?

दोन्ही नाही. अंगात वीज सोडत नाहीत. तुमच्याच डोळ्यात तयार झालेली मोजतात, ईसीजीत हृदयाची मोजतात तशी. ईआरजीसाठी बधिर करणारा थेंब टाकून खालच्या पापणीच्या आत केसाहून बारीक धागा ठेवतात, किंवा बुबुळावर लेन्ससारखी चकती बसवतात. लहान लेकरांना पापणीखाली कातडीवर पट्टी चिकटवली तरी चालतं, फक्त लहर बरीच लहान येते. व्हीईपीत डोळ्याला हातही लागत नाही. डोक्याच्या मागे केसांत पेस्ट लावून छोटी वाटी चिकटवतात. बधिरपणा उतरेपर्यंत डोळा चोळू नका, एवढं पथ्य.

३. पडदा तपासला, ओसीटी केली, सगळं नॉर्मल म्हणाले. मग आणखी ही तपासणी कशाला?

ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन) आणि पडद्याचा फोटो रचना दाखवतात, काम दाखवत नाहीत. पॅनलची काच धड आहे म्हणजे वीज येतेच असं नाही.

शंकूपेशींचा, म्हणजे पडद्यातल्या दिवसा रंग व बारकावे दाखवणाऱ्या पेशींचा, जन्मजात दोष हे याचं उदाहरण, आणि आपल्याकडच्या उन्हामुळे ते मला फार टोचतं. असं लेकरू दुपारी अंगणात आलं की डोळे घट्ट मिटून घेतं, रंग ओळखत नाही, त्याची बुबुळं थरथरतात. पडदा पाहावा तर बऱ्याचदा ठीक दिसतो. शाळेत त्याला फळ्यावरचं दिसत नाही आणि ‘लक्ष नाही’ म्हणून बोलणी बसतात. ईआरजीत मात्र मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींची लहर भरपूर आणि शंकूपेशींची सपाट, असं स्पष्ट निघतं. दोष जात नाही. पण गडद चष्मा, टोपी आणि वर्गात खिडकीकडे पाठ करून पहिल्या बाकावर जागा मिळाली की त्या लेकराची शाळा टिकते.

४. तपासणीला येताना काय करायचं, काय नाही?

डोक्याला तेल लावून येऊ नका. आदल्या दिवशी केस धुवा. लेकराला दवाखान्यात न्यायचं म्हणून आई चापूनचोपून तेल लावून, वेणी घालून आणते. तिची माया कळते, पण तेलकट कातडीवर पेस्ट नीट बसत नाही आणि व्हीईपीची लहर गोंगाटात हरवते. मग तिथेच केस धुवायची वेळ येते.

चष्मा आणा, व्हीईपी तो लावूनच करतात. पापण्यांना काजळ नको. जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर असू द्या. तपासणी कोणत्या वारी होते ते आधी फोन करून विचारा, कारण सगळीकडे ती रोज होत नाही.

बाहुली मोठी करायच्या थेंबांवरून फार घोळ होतो. नेहमीच्या ईआरजीला बाहुली मोठी लागते, चौकटींच्या व्हीईपीला (समोर काळ्या-पांढऱ्या चौकटी पलटत दाखवून करतात ती) मुळीच नको. म्हणून दोन्ही एका दिवशी असतील तर व्हीईपी आधी. सकाळी दुसऱ्या दवाखान्यात थेंब टाकून येऊ नका. त्याच सकाळी पडद्याचे फोटो किंवा डोळ्याची अँजिओग्राफीही नको, त्या झोताने डोळा दिपतो आणि ईआरजी बिघडते. थेंबांनंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सोसत नाही. मोटारसायकल स्वतः चालवत परत जाऊ नका, सोबत माणूस आणा.

५. ईआरजीच्या आधी अंधारात का बसवून ठेवतात?

पडद्यात दोन प्रकारच्या पेशी आहेत. मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी सुमारे ९ ते १२ कोटी, आणि दिवसा रंग व बारकावे दाखवणाऱ्या शंकूपेशी सुमारे ४५ ते ६० लाख. दिवसाच्या उजेडात दंडपेशी दिपलेल्या असतात. त्या ताळ्यावर यायला वेळ लागतो, म्हणून निदान २० मिनिटं पूर्ण अंधार. मग अतिशय मंद झोत टाकला की उत्तर फक्त दंडपेशींकडून येतं. नंतर १० मिनिटं उजेडात बसवून सेकंदाला ३० वेळा लुकलुकणारा दिवा दाखवतात. एवढ्या वेगाशी दंडपेशींना जुळवून घेता येत नाही, शंकूपेशींना येतं. एकाच डोळ्यातल्या दोन कामगारांची हजेरी वेगवेगळी लागते ती अशी.

अंधारात मोबाईल उघडला तर घड्याळ पुन्हा शून्यापासून. नातेवाइकांनाही हे सांगावं लागतं.

६. तीच चौकट शंभर वेळा का दाखवतात? एकदा पुरत नाही का?

टीव्हीच्या रिमोटचा सेल १.५ व्होल्टचा असतो. व्हीईपीची लहर साधारण १० मायक्रोव्होल्टची, म्हणजे त्या सेलच्या दीड लाखाव्या हिश्शाएवढी. तीही मेंदूच्या इतर हालचालींत बुडालेली, ज्या तिच्याहून कितीतरी मोठ्या. पण चौकट पलटल्यावर खरं उत्तर दर वेळी त्याच क्षणी येतं, आणि गोंगाट कधी वर कधी खाली असतो. अनेक नोंदींची सरासरी काढली की गोंगाट आपोआप जिरतो. ६४ नोंदींनी तो ८ पट कमी होतो. मग हेच सगळं पुन्हा एकदा करतात आणि दोन्ही रेघा एकमेकींवर बसतात का ते पाहतात. बसल्या नाहीत तर त्या रिपोर्टवर मी विश्वास ठेवत नाही.

ईआरजी त्या मानाने दणकट, काही शे मायक्रोव्होल्टची. तिला थोडेच झोत पुरतात. दोन्हींना घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेचा त्रास होतो. इमारतीचं अर्थिंग नीट नसेल किंवा शेजारी मोटर सुरू झाली, तर रेघेवर काटे उगवतात.

७. रिपोर्टवर ए, बी, पी-१०० असं लिहिलंय. ते कसं वाचायचं?

ईआरजीत आधी खाली जाणारी ए-लहर असते, ती मुख्यतः दंडपेशी-शंकूपेशींची. तिच्यामागून वर जाणारी बी-लहर येते, ती पडद्यातल्या पुढच्या थराची, म्हणजे संदेश पुढे ढकलणाऱ्या पेशींची. ए चांगली आणि बी त्याहून लहान असेल, तर उजेड पकडला जातोय पण पुढच्या हाती दिला जात नाही. असा रिपोर्ट मोजक्याच आजारांत येतो, त्यामुळे तो फार उपयोगाचा.

व्हीईपीतली पी-१०० म्हणजे चौकट पलटल्यावर सुमारे १०० मिलिसेकंदांनी येणारी लहर. तिची उंची माणसागणिक खूप बदलते, वेळ फारशी बदलत नाही. म्हणून आधी वेळ पाहा आणि उजवा-डावा डोळा एकमेकांशी ताडून पाहा.

८. ही तपासणी नवीन निघाली आहे का? गावाकडच्या डॉक्टरांनी कधी सुचवली नाही.

मुळीच नवीन नाही. स्वीडनच्या होल्मग्रेन यांनी १८६५ मध्ये बेडकाच्या डोळ्यात ही वीज पाहिली. १९४५ मध्ये कार्पे यांनी लेन्ससारखी चकती वापरून ती रुग्णांसाठी उपयोगात आणली, आणि पडद्यावरच्या अभ्यासासाठी ग्रानिट यांना १९६७ मध्ये दोघांसोबत नोबेल मिळालं. यंत्र, अंधारी खोली आणि एका रुग्णासाठी दीड-दोन तास लागतात, म्हणून ती मोठ्या केंद्रांपुरती राहिली आहे.

९. मुलाच्या ईआरजीवर ‘नॉन-रेकॉर्डेबल’ लिहिलंय. तो आंधळा झाला का?

नाही. हा शब्द वाचून बाप माझ्यासमोर मटकन खाली बसलेला मी पाहिला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

नेहमीची ईआरजी सगळ्या पडद्याची मिळून एक बेरीज देते. आपण वाचतो, चेहरे ओळखतो ते पडद्याच्या मधल्या अगदी छोट्या जागेतून. तिथल्या शंकूपेशी एकूण शंकूपेशींच्या दहा टक्क्यांहून कमी. कडेचा सगळा पडदा थकला आणि मधला तुकडा शाबूत राहिला, तर बेरीज इतकी लहान होते की यंत्राच्या गोंगाटात दिसत नाही. रेटिनायटिस पिगमेंटोसा या आजारात असंच होतं. ईआरजी सपाट, आणि माणूस समोर बसून पेपर वाचतोय. तो उंबऱ्याला अडखळेल, बाजूने आलेली सायकल त्याला दिसणार नाही, पण वाचेल.

किती वर्षं टिकेल, हे एका ईआरजीवरून सांगता येत नाही. त्यासाठी दृष्टीच्या परिघाची (समोर बघताना बाजूचं किती दिसतं त्याची) तपासणी आणि ओसीटी दर वर्षी करून ताडून पाहावी लागते.

१०. माझ्या आईचं उलटं आहे. ईआरजी नॉर्मल आली, पण तिला पोथी वाचता येत नाही.

कारण तेच, फक्त दुसऱ्या बाजूने. मधला तुकडा बिघडला तरी बाकीच्या पडद्याची बेरीज भरपूर येते. अशा वेळी मल्टिफोकल ईआरजी मागा. तीत समोरच्या स्क्रीनवर अनेक षटकोन वेगवेगळे लुकलुकतात आणि डोळ्याच्या पडद्यावरच्या प्रत्येक जागेचं उत्तर स्वतंत्र निघतं. मधल्या जागेवर पिवळसर डाग असून ईआरजी नॉर्मल असेल, तर कधी ईओजीही करतात. बेस्ट नावाच्या आनुवंशिक आजारात तीच बिघडलेली निघते.

११. लेकराला दिवस मावळला की दिसत नाही. लगेच ईआरजी करायची का?

आधी डॉक्टरांना दाखवा आणि जीवनसत्त्व अ चा विचार करा. ते कमी पडलं की दंडपेशींतलं रंगद्रव्य तयार होत नाही. गोवर किंवा लांबलेल्या जुलाबांनंतर, किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसाळ डाग दिसले तर शंका पक्की समजा. सरकारी कार्यक्रमात ९ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत ९ डोस आहेत: पहिला १ लाख युनिटचा, गोवर-रुबेलाच्या पहिल्या लसीबरोबर, आणि मग १६ ते १८ महिन्यांपासून दर सहा महिन्यांनी २ लाखांचा. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतली लेकरं यातून हमखास सुटतात, सहा महिने गावाबाहेर असल्यामुळे. परतल्यावर अंगणवाडीत कार्ड दाखवा. शेवग्याचा पाला, पालक, गाजर, पपई, अंडी ताटात असू द्या. या कारणाचा रातांधळेपणा औषधाने जातो आणि दंडपेशींची लहरही परत येते.

डोसांनी फरक पडला नाही तर ईआरजी करा. जन्मापासून आहे तेवढाच, न वाढणारा रातांधळेपणा असेल तर ए चांगली आणि बी लहान दिसते (प्रश्न ७). वाढत जाणारा असेल तर सगळंच कमी दिसतं (प्रश्न ९). पहिल्यात घरच्यांना धीर देता येतो. दुसऱ्यात पुढची तयारी करावी लागते.

१२. आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न झालंय. त्याचा संबंध आहे का?

असू शकतो. रेटिनायटिस पिगमेंटोसाच्या बऱ्याच प्रकारांत आईकडून एक आणि बापाकडून एक, अशी दोन सदोष जनुकं यावी लागतात. एकच असलेल्या माणसाला काही होत नाही, त्याला पत्ताही नसतो. नात्यातल्या नवरा-बायकोकडे एकाच आजी-आजोबांकडून आलेलं तेच जनुक असण्याची शक्यता जास्त. दोघांकडे असेल तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक, असा धोका. यात दोष आईचा नाही, बापाचाही नाही. सासरचे सुनेला बोलतात तेव्हा मला हे मुद्दाम मोठ्याने सांगावं लागतं.

धाकट्या भावंडांचीही तपासणी करा. लेकराला ऐकू कमी येत असेल तर तेही सांगा, कारण बहिरेपणा आणि पडद्याचा आजार बरोबरीने येणारा एक प्रकार आहे. जनुक तपासणी जमली तर करावी. आरपीई-६५ या एका जनुकाच्या दोषावरच्या उपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली, पण तो त्याच जनुकाला आणि पेशी जिवंत असतील तरच लागू पडतो. ‘इंजेक्शनने नजर परत आणतो’ म्हणणाऱ्यांना आधी जनुकाचं नाव विचारा.

१३. बाळ चार महिन्यांचं आहे, नजर लावत नाही. एवढ्या लहानाची तपासणी होते का?

होते. झोताची व्हीईपी (चौकटींऐवजी नुसता झोत टाकून केलेली) मांडीवर करता येते, ईआरजीला कधी झोपेचं औषध लागतं. जन्मतः रडलं नव्हतं, काचेत ठेवलं होतं अशा बाळांत ईआरजी चांगली आणि व्हीईपी अशक्त आली, तर अडचण मेंदूकडे आहे. ईआरजीच सपाट असेल तर पडद्याकडे. मात्र पहिल्या वर्षात लहरी वयाप्रमाणे वाढत असतात. म्हणून चौथ्या महिन्यातल्या वाईट रिपोर्टवर कायमचा शिक्का मारू नका, वर्षाच्या आसपास पुन्हा करा.

१४. ‘डोळ्याची नस सुकली’ असं सांगितलंय. व्हीईपीत पी-१०० उशिरा आली. आता काही होणार नाही का?

थांबा. लहर उशिरा येणं आणि नस सुकणं या दोन गोष्टी आहेत. तरुण माणसाचा एक डोळा काही दिवसांत धूसर झाला, डोळा फिरवताना दुखला, लाल रंग फिका दिसू लागला, तर बहुधा ती नसेची सूज. नसेवरचं आवरण खरवडलं गेलं की संदेश पोहोचतो, पण उशिरा. १९७२ मध्ये लंडनच्या हॅलिडे आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं, आणि नजर सुधारल्यावरही उशीर राहतो हेही. त्यामुळे जुना उशीर पाहून आजची नजर ठरवू नका. एमआरआय आणि उपचार वेळेत करा.

दुसरी चूक जास्त सतावते. पडद्याचा मधला भाग बिघडला तरी पी-१०० उशिरा येते. पॅनलच कमी वीज देत असेल तर मोटरीपाशी मीटर कमीच दाखवणार. पाच वर्षं ‘नस सुकली’ म्हणून फिरणारा एक मुलगा माझ्याकडे आला. कुणीही पडद्याची तपासणी केलेली नव्हती, आणि दोष पडद्याच्या मध्यभागी होता. नुसत्या व्हीईपीवर नसेचं निदान झालं असेल, तर सोबत पॅटर्न ईआरजी (चौकटी दाखवून पडद्याच्या मध्याची केलेली ईआरजी) करून घ्या.

१५. टीबीच्या किंवा संधिवाताच्या गोळ्यांनी डोळ्यावर परिणाम होतो म्हणतात. आधीच तपासणी करावी का?

टीबीच्या उपचारातलं इथॅमब्युटॉल काही रुग्णांत नसेवर परिणाम करतं. नजर किंवा लाल-हिरवा रंग बदलला तर त्याच दिवशी टीबी केंद्रात सांगा. गोळ्या स्वतःहून बंद करू नका, बदल डॉक्टर करतील. व्हीईपी इथे कामी येते.

संधिवातासाठीचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन पडद्याच्या मध्यावर परिणाम करू शकतं. रोजचा डोस वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. पाच वर्षांनंतर, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याआधीच, दर वर्षी तपासणी हवी. शंका आली तर मल्टिफोकल ईआरजी (प्रश्न १०).

१६. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी व्हीईपी मागितली. ती चांगली आली, तर माणूस खोटं बोलतोय असं ठरतं का?

ठरत नाही. व्हीईपी फक्त मेंदूच्या पहिल्या ठाण्यापर्यंत संदेश पोहोचला का ते सांगते, त्याच्यापुढे बिघाड असू शकतो. झोताची व्हीईपी तर फारच कमी दिसणाऱ्या डोळ्यातही चांगली येते. उलट, कुणी चौकटीकडे मुद्दाम न पाहिल्यास वाईट रेघही निघू शकते. म्हणून ती पुरवणी समजावी.

रेटिनायटिस पिगमेंटोसाच्या माणसांना हे माहीत असायला हवं: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्व फक्त तक्त्यावरच्या ३/६० हून कमी नजरेने ठरत नाही. दृष्टीचा परिघ १० अंशांहून कमी झाला तरी ते धरतात. तक्ता वाचता येतो म्हणून परत पाठवलं, तर परिघाच्या तपासणीचा कागद जोडून पुन्हा अर्ज करा.

१७. छन्नी-हातोड्याने काम करताना कण उडाला होता. आता त्रास नाही, तरी ईआरजी का?

लोखंडाचा कण आत राहिला असेल तर तो गंजतो आणि पडद्याला विषासारखा बाधतो, तेही महिनोन्महिने गुपचूप. नजर पडण्याआधी ईआरजी खाली येऊ लागते, म्हणून ती ठरावीक काळाने करतात. कण असल्याची शंका असताना एमआरआय करू नका, चुंबकाने तो हलतो. सीटी करा.

१८. पिकलेला मोतीबिंदू, मिरगी, पेसमेकर, गरोदरपण: अशात चालते का?

मोतीबिंदूमुळे पडदा दिसत नसेल तेव्हा ऑपरेशनआधी अंदाजासाठी ईआरजी व झोताची व्हीईपी करतात. पेसमेकरला अडचण नाही, कारण वीज सोडत नाहीत (प्रश्न २). गरोदर असाल तर थेंब टाकण्याआधी सांगा. मिरगी असेल तर नोंदणीच्या वेळीच सांगा, लुकलुकणाऱ्या दिव्याने झटका येऊ शकतो.

१९. एका शहरात बी-लहर ३८० आली, दुसऱ्या शहरात २९०. नजर घटली का?

बहुधा नाही. धागा आणि लेन्स यांची उंची वेगळी येते. धागा पापणीत थोडा खाली सरकला तरी आकडा पडतो, आणि मोठा मायनस नंबर असलेल्यांची लहर मुळातच लहान असते. जगभर एकाच पद्धतीने तपासणी व्हावी म्हणून १९८९ मध्ये ईआरजीचे आंतरराष्ट्रीय निकष आले. तरीही नॉर्मलच्या मर्यादा प्रत्येक प्रयोगशाळेला स्वतःच्या यंत्रावर ठरवाव्या लागतात. म्हणून आकडा त्याच रिपोर्टवर छापलेल्या मर्यादेशी ताडा, आणि आजार वाढतोय का ते पाहायचं असेल तर दर वेळी त्याच ठिकाणी या. येताना मागचा मूळ रिपोर्ट आणा. मोबाईलमधल्या फोटोत रेघेखालचं माप बहुतेक वेळा कापलेलं असतं.